ह नसलेला चहा

बाबा गेल्यानंतर ब्याऐंशीव्या दिवशी त्यांना एक पत्र आलं. पत्र कॉम्प्युटरवर आलं होतं आणि पाठवणाऱ्याला ते गेल्याचं माहीत नव्हतं. मजकूर असा:

‘सप्रेम नमस्कार. गेले ब्याऐंशी दिवस आपण चहा प्यायलेला नाही. आणखी आठ दिवस न प्यायल्यास नियम सातनुसार आपले सभासदत्व रद्द होईल व आपल्या सर्व नोंदी पुसल्या जातील. प्रकृती बरी असेलच. आपला, चालक, आजचा कप.’

चहा न पिण्याचं बाबांचं कारण तसं सबळ होतं. पण ते त्यांनी स्वतः कळवण्यातलं नव्हतं.

‘आजचा कप’ हा चहावाल्यांचा इंटरनेटवरचा अड्डा. चहा विकणाऱ्यांचा नव्हे, पिणाऱ्यांचा. प्रत्येकाने रोज आपण कोणता चहा केला, पाणी किती तापवलं, पत्ती किती वेळ मुरवली आणि तो कसा लागला हे लिहायचं, आणि बाकीच्यांनी त्यावर मान डोलवायची किंवा नाक मुरडायचं. बाबा तिथे अकरा वर्षं ‘मंद आच’ या नावाने लिहीत होते. चारेक हजार नोंदी झाल्या असतील. मी त्यातली एकही वाचली नव्हती. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या काना-मात्रा सरळ केल्यावर, वडिलांनी किती चमचे पत्ती घातली हे वाचण्याचा उत्साह उरत नाही. निदान तेव्हा मी असं म्हणत असे.

पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांना बारीक अक्षर झेपत नाही.

“काय लिहायचे गं एवढं?” तिने विचारलं.

“चहाबद्दल.”

“अकरा वर्षं? माझ्याशी तर ‘झाला का’ याच्यापुढे बोलायचे नाहीत.” मग ती म्हणाली, “मला वाचून दाखव. सगळं. ते पुसायच्या आधी.”

आईने गेल्या ब्याऐंशी दिवसांत मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, त्यात काय, अर्ध्या तासाचं काम. या वाक्याने आजवर किती भल्याभल्यांचा घात केला असेल याची मोजदाद कुणीतरी करायला हवी.

अडचण अशी होती की बाहेरच्या माणसाला कुणाच्याही फक्त शेवटच्या दहा नोंदी दिसत. बाकीचं वाचायला आत जावं लागे, आणि आत जायला परवलीचा शब्द. अड्ड्याचे चालक हे निवृत्त अभियंते. सगळा डोलारा त्यांनी स्वतःच्या हातांनी उभारलेला, त्यामुळे परवलीचा शब्दसुद्धा तिथे मराठीतच लागे. ‘विसरलात?’ असं एक बटण होतं. ते दाबलं की ‘आत येऊन चालकांना कळवा’ असं उत्तर येई.

बाबांनी मात्र पासवर्ड एका वहीत लिहून ठेवले होते. पासवर्ड कुठेही लिहून ठेवायचा नसतो असं मी त्यांना बजावलं होतं, म्हणून त्यांनी त्या वहीवर ठळक अक्षरांत ‘गुप्त’ असं लिहिलं होतं. आत, त्यांच्या सुबक अक्षरात: ‘आजचा कप – पहिलाचहा (जोडून).’

मी ‘पहिलाचहा’ जोडून टाइप केलं. शब्द चुकीचा आहे, असं उत्तर आलं. एकेक अक्षर बोटाने ठासून पुन्हा टाइप केलं. पुन्हा चुकीचा. एवढ्यात शेजारचे काका आले. हे विम्यातून निवृत्त झालेले आहेत आणि दुसऱ्याच्या घरात काही अडलं की त्यांना भिंतीपलीकडून कळतं.

“जोडून म्हणजे तोडून,” ते म्हणाले. “चोराला फसवायला उलटं लिहिलंय. तुझे वडील हुशार होते. सरक.”

काकांनी तोडून लिहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आपले आजचे तीन घोट संपले. उद्या यावे.’

दुसऱ्या दिवशी मी चालकांना त्यांच्या पत्राला उत्तर म्हणून सगळं कळवलं, मृत्यूचा दाखला जोडला आणि वाट बघत बसले. मधल्या वेळेत काकांनी नवा सिद्धांत मांडला. त्यांच्या विम्यातल्या अनुभवानुसार शंभरातले सत्तर नवरे पासवर्ड म्हणून बायकोचं नाव ठेवतात.

आई ओट्याशी उभी होती. तिने हात पुसले आणि येऊन माझ्या मागे उभी राहिली. मी तिचं नाव टाइप केलं. चुकीचं. मग लग्नाआधीचं नाव टाइप केलं. तेही चुकीचं. मग काकांनी, मी थांबा म्हणेपर्यंत, माझं टाइप केलं.

“उरलेल्या तिसांतले दिसतात,” काका म्हणाले आणि त्यांना घरी काहीतरी काम आठवलं.

आई पुन्हा ओट्याकडे वळली. झोपायच्या आधी म्हणाली, “चहाचं नाव घातलं तेच बरोबर असणार. माझं कशाला घालतील.”

चालकांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. ‘दाखला पाहिला. त्यात सभासदाचे नाव ‘मंद आच’ असे दिसत नाही. शिवाय सभासदत्वासंबंधीचा पत्रव्यवहार सभासदाने स्वतः करावा, असा नियम आहे. कळावे.’

मी बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने यंत्राकडे न बघताच फॉरमॅट मारायला सांगितलं. मी विचारलं, पासवर्डचा आणि फॉरमॅटचा काय संबंध. तो म्हणाला, “ताई, संबंध नसतो, पण बरं वाटतं.” मग माझा कीबोर्ड बघून त्याने तो चांगला असल्याचा निर्वाळा दिला. चांगला असणारच. बाबांचा जुना कीबोर्ड इतका चिकट झाला होता की आवराआवरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी तो भंगारात दिला होता आणि छापखान्यातला एक जादा पडलेला मागून आणला होता. या कामगिरीबद्दल मी स्वतःवर खूशही होते.

पाच दिवस असे गेले. सत्त्याऐंशीव्या दिवशी तिन्ही घोट वाया गेल्यावर मी नाइलाजाने, ज्या बाहेरून दिसत होत्या त्या दहा नोंदी वाचायला घेतल्या. हे मी आधीच करायला हवं होतं हे मला कुणी सांगायला नको.

पहिलीच अशी होती: ‘सकाळी काळी पत्ती, दोन चमचे. पाणी उकळून क्षणभर निवू दिले. चार मिनिटे मुरवली. चा उत्तम जमला असे. सदर पेयास दुधाची गरज नसे.’

आमचे बाबा असं बोलत नसत. ‘सदर पेयास’ असं म्हणणारा माणूस मी घरात कधी पाहिलेला नव्हता. आणि ‘चा’? मी लाल पेन शोधायला लागले. हात आपोआप जातो. दुसरी नोंद, तिसरी, पाचवी. कुठेही ‘आहे’ नाही, सगळीकडे ‘असे’. ‘नाही’ नाही, ‘नसे’. ‘पाहू’ नाही, ‘बघू’. सोळा वर्षं मी अक्षरं गाळलेल्या जागा शोधण्याचा पगार घेते. तरी मला सहाव्या नोंदीपर्यंत यावं लागलं तेव्हा कुठे दिसलं. दहाही नोंदींत एकसुद्धा ह नव्हता.

शेवटची नोंद ते गेले त्या सकाळची होती. ‘आजचा चा थोडा कडवट. उद्या पाणी बदलून बघू.’

ती मी दोनदा वाचली आणि उठून खिडकी बंद केली. ती उघडी नव्हती.

अड्ड्यावर आणखी एक सदर सर्वांना खुलं होतं: ‘संगणकाशी सलगी’. सभासद बहुतेक उतारवयाचे, त्यामुळे चहाइतक्याच कॉम्प्युटरच्या तक्रारी. सुरुवातीला चालकांनी एक प्रश्न टाकला होता: संगणकाशी आपले कितपत जमते? लोकांनी प्रामाणिक उत्तरं दिली होती. ‘बिनसाखर’ या गृहस्थांनी ‘तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही’ असं लिहिलं होतं. ‘दुसरी वाफ’ नावाच्या एका आजींनी ‘माऊसला हात लावते, पुढचं देवाच्या हाती’ असं लिहिलं होतं. आणि माझ्या वडिलांनी: ‘उत्तम. अडचण येत नसे. आलीच तर तज्ज्ञ एका फोनच्या अंतरावर.’

बाबा मला छापखान्यात फोन करत. प्रिंटर ऐकत नाही. फोटो उलटा दिसतोय. अक्षरं अचानक मोठी झालीत. मी म्हणे, बाबा, मेल करा ना, मी कामात आहे. ते मेल कधी करत नसत, फोनच करत. मला वाटे, एकाच माणसाच्या कॉम्प्युटरला इतके रोग कसे होतात. ते सगळे रोग इथे होते, दुसऱ्यांच्या नावावर. बिनसाखर यांचा प्रिंटर, दुसरी वाफ यांच्या भाच्याचा उलटा फोटो. आणि खाली बाबांचं उत्तर: ‘यंत्र ऐकत नसल्यास प्रथम बंद करावे. दोन मिनिटे थांबून चालू करावे. घाबरू नये. आमच्या घरातील तज्ज्ञांचे मत असे.’

‘घाबरू नये’ एवढं सोडून बाकी माझे शब्द होते. मी ते ज्या आवाजात उच्चारले होते तो आवाज त्यांनी गाळून घेतला होता.

“आई,” मी म्हटलं, “बाबांच्या लिहिण्यात ह नाही.”

आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिने एक घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“सांडला होता,” ती म्हणाली.

“काय?”

“चहा. त्या बटणांवर. सहा वर्षं झाली असतील. बाकीची वाळली, ते एक काही उठलं नाही.”

“मग मला का नाही सांगितलं? मी नवा आणला असता.”

“तूच आणून दिला होतास तो. आणि म्हणाली होतीस, कप लांब ठेवा. तीनदा म्हणालीस. हे म्हणाले, तिला सांगू नकोस, रागावेल. एक अक्षर तर गेलंय, बाकीची आहेत की.”

मी रागावणारी मुलगी आहे हे मला ठाऊक होतं. वडिलांनी एक व्यंजन सोडून द्यावं इतकी, हे ठाऊक नव्हतं.

पासवर्ड दर वर्षी बदला, असंही मीच सांगितलं होतं. म्हणजे शेवटचा त्या मुक्या बटणावर टाइप झालेला. पडद्यावर ठिपकेच दिसतात, त्यामुळे काय उमटलं नाही हे त्यांनाही कळलं नसणार. आणि रोज ते त्याच बटणावर तोच शब्द टाइप करून सुखाने आत जात असणार. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी सकाळी मी ‘पहिलाचहा’मधले दोन्ही ह वगळले. उरलं ‘पिलाचा’.

दार उघडलं.

इथे शहाण्या बाईने आधी नोंदी उतरवून घेतल्या असत्या. मला मात्र वाटलं, दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर आधी आपण कोण ते सांगावं. मी व्यवस्थित, शुद्ध, विरामचिन्हांसकट लिहिलं, की मी मंद आच यांची मुलगी आहे, ते आता नाहीत, त्यांना इथे येणं फार आवडत होतं, आणि आम्ही तुमचे आभारी आहोत.

चौथ्या मिनिटाला बिनसाखर आले. ‘सावध. हा मंद आच नव्हे. मंद आच यांनी सहा वर्षांत ‘आहे’ लिहिलेले नाही. यात ह किती आहेत ते मोजा.’

त्यांनी मोजले. मग आणखी चार जणांनी मोजले. आकडे जुळेनात, त्यावरून वाद झाला. अर्ध्या तासात चालकांनी निकाल दिला: ‘पंडितांच्या नावे तोतया शिरल्याचे दिसते. खाते गोठवले आहे. संबंधितास बाजू मांडायची असल्यास नव्वदाव्या दिवशी दुपारी चार ते सहा या वेळेत एकच निवेदन करता येईल. सहा वाजता नियम सात लागू होईल.’

सोळा वर्षं शुद्धलेखनावर पोट भरणाऱ्या माणसाला शुद्ध लिहिल्याबद्दल तोतया ठरवलं जावं, याचं दुःख सांगून कळणार नाही. पण माझी नजर दुसऱ्याच शब्दावर अडकली होती. पंडित. शोधलं तर त्यावर एक अख्खी चर्चा सापडली. बाबांनी ह सोडला त्याची अड्ड्याने केव्हाच नोंद घेतली होती. एकाच्या मते ही जुन्या गद्याची साधना होती. दुसऱ्याच्या मते ह उच्चारताना श्वास वाया जातो, आणि चहा पिणाऱ्याने श्वास राखावा. दुसरी वाफ आजींनी लिहिलं होतं, की त्या पंडितांची नोंद रोज सकाळी आपल्या अंथरुणाला खिळलेल्या बहिणीला मोठ्याने वाचून दाखवतात; ऐकताना तिला शांत वाटतं. बाबांनी यावर एवढंच म्हटलं होतं: ‘आपण सर्वांनी गोड मानून घेतले. संकोच वाटतो.’

“सरळ सांगून टाक,” काका म्हणाले. ते पुन्हा येऊ लागले होते. “चहा सांडला, बटण बिघडलं. सत्याला मरण नाही. वर एक प्रतिज्ञापत्र करू, शिक्का मारून. शिक्क्यापुढे कुणी बोलत नाही.”

सांगितलं असतं तर नोंदी बहुधा वाचल्या असत्या. पण मग त्या पंडिताच्या राहिल्या नसत्या. पोरीला भिऊन बिघडलेल्या बटणावर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्याच्या झाल्या असत्या. मी आईकडे बघितलं.

“नको,” आई म्हणाली. “सहा वर्षं निभावलंय त्यांनी. दोन दिवसांसाठी आपण कशाला मोडायचं.”

“अहो वहिनी, पण मग नोंदी जातील.”

“जाणार नाहीत,” आई म्हणाली, “ती लिहील.” आणि काकांना पाणी आणायला आत गेली. याचा अर्थ काकांनी पाणी पिऊन निघावं.

नव्वदाव्या दिवशी मी छापखान्यातून अर्धी रजा काढली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, एक निवेदन लिहायचं आहे, सहा-सात ओळींचं. साहेब म्हणाले, त्याला अर्धा दिवस? मी म्हटलं, कमी पडेल.

कमी पडलाच. मराठीतून ह काढून बघा. ‘आम्ही’ गेलं, ‘तुम्ही’ गेलं, ‘म्हणून’ आणि ‘म्हणजे’ गेलं. ‘महिना’ गेला, त्यामुळे दिवस मोजावे लागले. ‘हसणं’ गेलं. बाबांच्या ‘असे’ आणि ‘नसे’ला मी दहा नोंदींत दहा वेळा मनातल्या मनात लाल रेघ मारली होती, आता कळलं की त्यामागे किती घाम आहे. सगळ्यात वाईट अडले ते क्रियापदाशी. बाबा आहेत, असं मला लिहायचं नव्हतंच. पण बाबा होते, हेही लिहिता येईना. नाहीत, तेही नाही. ह सोडला की माणूस असल्याचं, नसल्याचं, असून गेल्याचं साधं सांगताच येत नाही. एकच शब्द शिल्लक राहतो, आणि तो मी नव्वद दिवस टाळत आले होते. लोकांना मी ‘बाबा आता नाहीत’ असं सांगत असे. ते जरा मऊ वाटतं.

दुपारी एकला मी लिहायला बसले, पाचला आईला वाचून दाखवलं आणि पाठवलं.

‘मी मंद आच यांची मुलगी. नव्वद दिवसांपूर्वी, सकाळी, माझे वडील गेले. त्या दिवशीचा कप अर्धा उरला. पाणी बदलून बघायचे ते उरले. त्यांच्या नोंदी आईस वाचून दाखवायच्या असल्याने त्या पुसल्या जाऊ नयेत, इतकीच विनंती. आपल्या संगणकाच्या अडचणी पूर्वीसारख्याच कळवत जाव्यात. उत्तर मिळेल. घाबरू नये.’

वीस मिनिटं काहीच आलं नाही. मग बिनसाखर: ‘एकही नाही. तीनदा तपासले.’ मग दुसरी वाफ आजी: ‘बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पंडितांचीच मुलगी.’ त्यानंतर पुष्कळ लोक आले आणि त्यांनी त्या दिवशी जो चहा केला होता तो लिहिला, दुसरं काही नाही. अठरा चहा होते. मी एकेक आईला वाचून दाखवला. ती प्रत्येकाला मान हलवत होती, जणू ते दारात येऊन उभे होते.

पावणेसहाला चालक आले. ‘शैली घरातलीच आहे. तोतयाचा शेरा मागे घेतला. खाते वारसांच्या नावे चालू. तथापि नियम सात कायम असून आजच्या चहाची नोंद सहापूर्वी आवश्यक.’

“म्हणजे काय?” आईने विचारलं.

“म्हणजे पंधरा मिनिटांत चहा करून लिहायचा.”

“एवढंच ना,” म्हणत ती ओट्याकडे गेली.

माझी आई चहा मुरवत नाही. ती पाणी, दूध, साखर आणि पत्ती एकदमच भांड्यात घालते आणि पत्ती शरण येईपर्यंत उकळते. अड्ड्यावरच्या नोंदी मी आता थोड्याफार वाचल्या होत्या. तिथे उकळणारे पाखंडी समजले जात, आणि उकळण्याविरुद्धच्या पक्षाचे पुढारी आमचे बाबा होते. पण सहाला चार मिनिटं होती. मी खरं ते लिहिलं: ‘दूध, साखर, पत्ती एकत्र. सात मिनिटे उकळला.’

पाच अठ्ठावन्नला बिनसाखर म्हणाले, ‘उकळला? पंडितांच्या खात्यावर?’

मी वाचून दाखवलं. आईने पदर खोचला, स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर येऊन बसली, जरी तिला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं.

“त्याला लिही,” ती म्हणाली, “तुमचे पंडित तिकडे तुमच्यासाठी ते कोरडं पाणी प्यायचे, आणि मग माझ्याकडून हाच मागून घ्यायचे. दोन कप. पस्तीस वर्षं.”

“आई, हे त्यांना आवडलं असतं का?”

“त्यांना चहा आवडायचा,” आई म्हणाली. “लिही तू.”

मी लिहिलं: ‘पंडित सदर उकळलेला चा पस्तीस वर्षे रोज दोनदा मागून पीत.’

अड्डा हादरला. असा धक्का त्यांना बहुधा मृत्यूच्या बातमीनेही बसला नव्हता. मग बिनसाखर यांनी जरा खाजगीत विचारल्यासारखं विचारलं: ‘नेमकी सातच मिनिटे का? आमच्याकडे घड्याळ लावून करून पाहावा म्हणतो.’

आईने ते ऐकलं आणि ती नव्वद दिवसांत पहिल्यांदा हसली.

“त्याला सांग,” ती म्हणाली, “घड्याळ लावून चहा होत नाही.”

मी मनात मोजले. त्या वाक्यात तीन ह होते. मी खुर्ची पुढे ओढली आणि विचार करायला लागले.